चिमटीएवढा प्रसाद

पुण्याचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडकडे निघते तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटेवरचा सर्वांत लांबचा टप्पा हाच आणि दिवे घाटाची चढणही याच टप्प्यात येते. २०२३ साली या चढणीवर माझा श्वास पुरेनासा झाला, गुडघे थरथरू लागले आणि दिंडीतल्या दोघींनी हात धरून मला रस्त्याच्या कडेला बसवले. तेव्हा माझे वजन ८८ किलो होते. त्यापुढची वाट मी दिंडीच्या ट्रकमध्ये, राहुट्यांच्या कनाती आणि स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यांच्या शेजारी बसून केली. पंढरपूर गाठले तरी मी वारी केली असे म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

१९ जून २०२५ रोजी पालखीने आळंदीहून प्रस्थान ठेवले, तेव्हा माझे वजन ६६ किलो होते. या वेळी घाट चढताना मी एकदाही बसले नाही. वरच्या वळणावरून मागे पाहिले तर खाली पताकांची न संपणारी रांग दिसत होती, मृदुंगाचा आवाज एकामागून एक दिंड्यांतून वर येत होता आणि मला आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी सांगितलेला हिशेब आठवला. एक किलो वजन उतरले की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे त्या म्हणाल्या होत्या. माझे बावीस किलो उतरले होते, म्हणजे प्रत्येक पावलाला अठ्ठ्याऐंशी किलोंचा भार कमी झाला होता. दोन वर्षांपूर्वीचे माझे सगळे वजन तेवढेच होते! त्या वळणावर माझे हात आपोआप जोडले गेले. समोर पालखीचा रथ होता, पण मनात त्या मॅडमही होत्या, घरी असलेल्या सासूबाईही होत्या आणि माझ्या दोन पावले पुढे डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आक्काही होत्या.

मी हे निग्रहाने केले असे कौतुकाने म्हणणारे लोक भेटतात तेव्हा मी त्यांना थांबवते, कारण ते खरे नाही. निग्रह मी त्याआधी अनेकदा केला होता. एका दवाखान्यात माझ्या वजनावरून मला सगळ्यांच्या देखत खडसावले गेले, तेव्हा मी रागाने आठवडाभर फक्त फळे खाऊन राहिले आणि पुढच्या महिन्यात उतरलेल्या वजनापेक्षा जास्त वजन अंगावर चढले. माझ्याजवळ निश्चयाची कमतरता नव्हती. कसे खावे हे मला कोणी बसून शिकवले नव्हते एवढेच.

शिकण्याचा धागा त्या ट्रकमध्येच सुरू झाला. आक्का आमच्या दिंडीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, तीस वर्षांहून जास्त वाऱ्या केलेल्या. पायी चालण्याचा नेम कधीही न मोडणाऱ्या या बाईंनी त्या दिवशी घाटाचा वरचा भाग आणि सासवडपर्यंतची वाट माझ्यासाठी सोडली आणि त्या ट्रकमध्ये माझा हात धरून बसल्या. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "पोरी, रडू नगं. पायांचा काय बी दोष न्हाई. घरी जाऊन शिकून घे, कुणाला तरी इचार. म्या हायेच पुढल्या खेपेला." त्यांनी एका माणसासाठी आपला नेम मोडला, आणि तोही मला जराही न जाणवू देता, याचे मोल मला फार उशिरा कळले.

शासकीय रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मॅडम त्यानंतर चार महिन्यांनी भेटल्या. माझ्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा तेव्हा ६.३ होता, आणि ६.५ पासून मधुमेह धरतात. मॅडम मला मुळीच रागावल्या नाहीत. मनाई केलेल्या पदार्थांची यादीही त्यांनी दिली नाही. "ताई, सात दिवस जे तोंडात जाईल ते लिहून आणा, चहासुद्धा," एवढेच त्या म्हणाल्या. मी वही घेऊन गेले आणि त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून ती ओळीने वाचत बसल्या. दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, पन्नास ग्रॅमच्या आसपास. मुलांच्या ताटात उरलेले टाकवत नाही म्हणून रोज रात्री माझ्या पोटात जाणारी पाऊण पोळी आणि भात. पातळ आमटीबरोबर तीन भाकऱ्या, आणि भाजी मात्र जेमतेम दोन चमचे. वही मिटून त्या म्हणाल्या की भाकरी वैरीण नाही, तिच्या सोबतीला काही नाही हे दुखणे आहे. मग त्यांनी कागदावर एक ताट काढले. त्याच्या अर्ध्या भागात भाज्या आणि कोशिंबीर, पाव भागात उसळ किंवा घट्ट वरण आणि उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात होता. तो कागद अजून माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलेला आहे.

दर महिन्याला वजनाच्या आकड्याआधी त्या झोप, पायऱ्या चढतानाचा दम आणि घरातला ताण यांची चौकशी करत. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि सलग दोन महिने काटा हलला नाही तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती. वीस महिन्यांत माझा साखरेचा आकडा ५.५ वर आला. भारतीयांसाठी धरलेल्या मापाप्रमाणे माझे वजन उंचीच्या मानाने आजही जास्तच आहे, आणि तेही मॅडमनी मला लपवाछपवी न करता, पण धीर खचू न देता सांगितले आहे.

सासूबाईंबद्दल थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहिलेले त्यांना आवडणार नाही. त्यांना माझे वेगळे ताट आधी रुचले नाही. मग एका सकाळी मी उठायच्या आत त्यांनी मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवलेली दिसली. त्या दिवसापासून वाढताना "आणखी एक घे" हे त्यांचे शब्द बंद झाले. प्रेमाने वाढणे हेच ज्यांचे आयुष्यभराचे बोलणे, त्यांनी माझ्यासाठी ते बोलणे आवरले. चार माणसांच्या आमच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असे, ते अडीच लिटरवर आले, तेही त्यांच्याच हाताने.

वारीला निघण्यापूर्वी मी मॅडमना विचारले की अठरा दिवस वाटेवर कसे खावे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे मला सांगता येणार नाही. मी वारी केलेली नाही. तुमच्या दिंडीत जे वर्षानुवर्षे चालतात त्यांना विचारा, आणि मलाही येऊन सांगा." आपल्या ज्ञानाची सीमा जिथे संपते तिथे शिष्याला दुसऱ्याच्या हाती सोपवणारी ही बाई मला त्या क्षणी फार मोठी वाटली.

हा प्रश्न वारीत चाललेल्या कोणालाही ठाऊक असेल. पहाटे पाचला राहुटीत गोड चहा येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडव असतात, त्यांतून केळी, बिस्किटे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी पुढे येत राहते. गावागावांत दारात उभी राहून बायका पिठले-भाकरी वाढतात. वारकऱ्याच्या मुखी पडलेला घास विठ्ठलाला पोचतो या भावनेने देणारा देत असतो, आणि त्याच्या पुढे केलेल्या हाताला नको म्हणणे म्हणजे त्याची सेवा परतवणे. मी घाबरले होते. वाल्ह्याच्या वाटेवर तर मी सगळ्यालाच नकार देत गेले, दुपारच्या पंगतीतही अर्धी भाकरी घेऊन उठले आणि संध्याकाळी हरिपाठ चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आक्कांनी मला खाली बसवले, लिंबू, मीठ आणि पाणी पाजले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "उपाशी चालायला तुला सांगितलं कुणी? खादाडी आन् उपास, दोन्ही एकाच मनाची लेकरं. उद्यापासनं माझ्या शेजारी चालायचं आन् म्या खाते तसं खायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी चालू लागले. नीरेवर पादुकांचे स्नान झाले, लोणंद मागे पडले, चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण झाले आणि या सगळ्या वाटेत मी आक्कांचे हात पाहत होते. कोणीही काही दिले की त्या दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत, देणाऱ्याला "माउली" म्हणत, मग चिमटीएवढा तुकडा मोडून तोंडात टाकत आणि उरलेले पदराच्या गाठीत बांधत. थोड्या अंतरावर कडेला थकून बसलेला एखादा म्हातारा किंवा रस्त्यावर पाहायला आलेले लहान मूल दिसले की गाठ सुटे. "परसादाला न्हाई म्हनू नये, आन् त्यो साठवूबी नये. त्यो पुढं चालला पायजे, आपल्यासारका," हे त्यांचे शब्द. देणाऱ्याचे मन राखले जाई, घेणाऱ्याचे पोट भरे आणि त्यांच्या वाट्याला चिमटीएवढी गोडी येई. पंगतीत मात्र त्या नीट जेवत. "पुंडलिक वरदे"चा गजर झाला की सावकाश एकेक घास, भाकरीइतकीच उसळ, आणि पोटात थोडी जागा असतानाच पाण्याचा तांब्या हातात. मॅडमनी कागदावर काढलेले ताट मी त्या बाईच्या पत्रावळीत पाहत होते, आणि त्यांनी तो कागद कधी पाहिलेला नव्हता.

फलटणच्या मुक्कामी कीर्तनात ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय निघाला. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, अन्न युक्तीच्या मापाने घ्यावे, पाऊलही मोजके टाकावे आणि झोपेला तिच्या वेळी मान द्यावा, असे बुवा समजावून सांगत होते. वाल्ह्याची अंधारी आणि घाटातला ट्रक या दोन्हींच्या मधले माप सात शतकांपूर्वी सांगून ठेवलेले होते, आणि मला ते एका रुग्णालयातून आणि एका पदराच्या गाठीतून मिळाले. मी आक्कांकडे पाहिले. त्या डोळे मिटून टाळ धरून बसल्या होत्या.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबारायांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून सगळे वारकरी त्या उतारावरून धावतात. माझ्या कळत्या वयात मी कधी धावले नव्हते. आक्कांनी तुळस दुसरीच्या डोक्यावर दिली, मला म्हणाल्या, "चल," आणि मी धावले. किती अंतर ते मला सांगता येणार नाही. पाय जमिनीवर पडत होते, श्वास पुरत होता, कानात फक्त विठ्ठलनाम होते, आणि खाली थांबल्यावर मी वळून आक्कांच्या पाया पडले. वारीत कोणी पाया पडले की समोरचाही वाकतो. त्या माझ्यापुढे वाकल्या तेव्हा मला भरून आले, कारण माझ्या पायांना नमस्कार करावा असे त्यांत काही असेल तर ते त्यांचेच दिलेले होते.

६ जुलैला आषाढी एकादशी झाली. गर्दीत आम्ही कळसाचे दर्शन घेतले आणि नामदेव पायरीला दुरून हात जोडले. बरेच जण द्वादशीला उपवास सोडून परततात. आम्ही थांबलो, कारण पौर्णिमेला गोपाळपूरला काला असतो आणि आषाढातली ती पौर्णिमा म्हणजे गुरुपौर्णिमाही असते. काल्याच्या गर्दीत आक्कांनी माझ्या तळहातावर चिमटीएवढा काला ठेवला. मी तो खाल्ला आणि त्यांच्या तोंडात तेवढाच घातला. मग त्यांच्याकडून थोड्या कोरड्या लाह्या मागून घेतल्या आणि त्यांच्यासारखीच पदराला गाठ मारली. एक वाटा सासूबाईंचा होता. दुसरा वाटा, बुक्क्याच्या पुडीसह, मी पुढच्या सोमवारी रुग्णालयात नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि वाटेवर कसे खायचे ते त्यांना सांगायला बसले.