तू झोपली होतीस ना तेव्हा?

रात्रीचे पावणेतीन आणि मी टक्क जागी. साडेनऊला कॉल आहे, त्याचं काय ते सकाळी बघू. गोव्याहून आल्यापासून हेच चाललंय, दिवसा ऑफिसात माना टाकायच्या आणि रात्री डोळे सताड उघडे. आईने तर दार उघडल्या उघडल्या विचारलं, "फिरायला गेली होतीस की आजारपणातून उठलीस?" पण आज झोप उडालीये ती त्यामुळे नाही. कोल्हापुरात जेवताना बारक्या जे बोलला ना, ते डोक्यातून जातच नाहीये.

म्हणजे विशेष काहीच नाही बोलला. पांढऱ्याची दुसरी वाटी चालू होती, पालोलेमच्या हेडफोन पार्टीचा किस्सा रंगला होता, मी म्हटलं हो ना, काय हसलो होतो यार आपण, तर तो वाटीतून मान वर काढून सहज म्हणतो, "तू कुठे होतीस? तू झोपली होतीस ना तेव्हा?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजात सगळ्यांनी! त्यानेसुद्धा. असो, तो विषय नको.

मी झोपले होते?? अख्ख्या ट्रिपमध्ये मी पाठ टेकली असेल तर त्या शॅकमधल्या ओलसर खुर्चीत, ती पण फोन चार्जिंगला होता म्हणून. दुपारी एक ते चार जिथे कोणी कोणाची बेल वाजवत नाही त्या गावात वाढलेली मी, तिथे भर दुपारीसुद्धा जागी, कॉफीवर कॉफी ढोसत, कारण मेलं काहीतरी भारी घडायचं आणि नेमके आपण नसायचो.

आणि मला दिसतंय ना सगळं. उघड्यावर रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावायला बंदी, म्हणून तिथे हेडफोन देतात. तीन डीजे, तीन चॅनल, ज्याचं जे चॅनल त्या रंगाचा दिवा कानावर. बारक्याचा लाल, माझा निळा. मध्येच मी हेडफोन काढला तर बीटबीट काही नाही, नुसता समुद्र आणि वाळूत पाय घासल्याचा आवाज, आणि ती सगळी माणसं एकाच वेळी तीन वेगवेगळी गाणी बेसूर ओरडतायत. त्यात हा बारक्या डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून. झोपलेल्या माणसाला हे दिसतं का?

व्हिडिओ तीनदा पाहिला. अंधार आणि डुगडुगणारे रंगीत ठिपके. त्यातला एखादा निळा मी असणार.

आपण नसलो तरी कोणाचं काही अडत नाही हे माहीत असतं, त्याचं एवढं नाही वाटत. पण आपण असूनही... इतकं जागून, इतकं हसून, पाय दुखेस्तोवर नाचून कोणाच्या लक्षातच नाही? मग मी नेमकी काय करत होते तिथे?

सगळ्यात राग आमच्या ग्रुपमधल्या मॅडमचा. ती रोज साडेदहाला डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे आणि गुडूप. आणि आता अख्खा ग्रुप कोण काय बोललं, कुठल्या दिवशी काय खाल्लं ते तिलाच विचारतो, कारण तिला सगळं आठवतं. ही झोपली होती असा निकालही तिनेच दिला असणार. तुला गं काय माहीत बाई?

मग मगाशी झोपेबद्दल वाचत बसले (झोप येत नसताना दुसरं काय करणार) तर म्हणे दिवसभरात जे घडतं ते मेंदू आधी तात्पुरतं त्याच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात ठेवतो आणि पक्कं होतं ते बरंचसं गाढ झोपेत. झोपच नाही तर धड नवीन आतही शिरत नाही. म्हणजे माझे साक्षीदार कोण, तर हे सगळे रात्र रात्र न झोपलेले! एकटीच हसले. पुढे असंही होतं की १७-१९ तास जागं राहिलं की हातापायांचा आणि डोक्याचा वेग १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा होतो, आणि आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ३० ची. येताना अनमोड घाटात स्टिअरिंगवर कोण होतं ते इथे लिहीत नाही, आई कधीकधी वाचते.

पण मग माझी तरी काय गॅरंटी? तेवढीच जागले होते मीही. लाल खरंच बारक्याचा होता की दुसराच कोणी शिरा ताणत होता, आता शपथेवर नाही सांगू शकत. बहुतेक बारक्याच. दुसरं कोण एवढं बेसूर गाणार.

एवढं लिहिल्यावर सुचलं म्हणून ग्रुपचा हिशोब उघडला. पालोलेम, हेडफोन पार्टी, एन्ट्री. खाली सगळ्यांची नावं, त्यात माझं! मॅडमचं नाही. लगेच स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "हे बघा, होते मी."

तीन वाजता बारक्या जागाच. "मग पैसे टाक ना अजून राहिलेत तुझे."

टाकले.