तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्केस्ट्रा सोडून आणखी एक एपी घ्यावा का?

जानेवारी उलटली की अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म निघतात आणि न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांतून हा प्रश्न यायला लागतो. सात पिरियडांपैकी एक ऑर्केस्ट्रात जातो. तो सोडून आणखी एक एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा वर्ग) घेतला, तर कॉलेजच्या अर्जात बरं दिसेल ना? ऑर्केस्ट्राच्या जागी कधी बँड असतो, कधी सिरॅमिक्स. उत्तर बहुधा ‘नको’ असंच आहे. क्वचित ‘हो’ही आहे, तेही पुढे येईलच.

प्रश्नामागे आपली जुनी सवय आहे. ‘दहावीचं वर्ष आहे, तबला बंद.’ तिकडे ते चालून जायचं, कारण सगळा निकाल मार्चमधल्या एका परीक्षेवर. इथे नववी ते बारावी अशी चार वर्षं एका ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, येतात. कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात उपक्रमांना दहा जागा असतात, वर्णनाला प्रत्येकी 150 अक्षरं, आणि शेजारी कोणकोणत्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हे भरावं लागतं. नववी-दहावीवर खूण आणि पुढे रिकामं, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

आता ज्या आकड्यापायी हे सगळं होतं, तो वेटेड जीपीए (कठीण वर्गाला जादा वजन देऊन काढलेली गुणांची सरासरी) बघा. पुष्कळ शाळांत एपीमधल्या ‘ए’ला 5, ऑनर्समधल्या (साध्याहून वरच्या पातळीच्या वर्गातल्या) ‘ए’ला 4.5 आणि साध्या वर्गातल्या ‘ए’ला 4 धरतात. समजा मुलीला चार एपी, दोन ऑनर्स आणि सातवा ऑर्केस्ट्रा आहे, सगळीकडे ‘ए’. बेरीज 33, भागिले 7, म्हणजे 4.71. ऑर्केस्ट्राच्या जागी एपी सायकॉलॉजी घातलं तर 34 भागिले 7, म्हणजे 4.86. आणि त्या पिरियडला काहीच न घेता ती स्टडी हॉलमध्ये बसली तर? 29 भागिले 6, म्हणजे 4.83. व्हायोलिन वाजवणारीपेक्षा बाकावर बसून राहणारी पुढे! जो आकडा असं सांगतो त्याच्यावर चार वर्षांचा बेत बेतायचा नसतो.

कॉलेजांनाही हा घोळ ठाऊक आहे. शाळेशाळेचं वजन वेगळं, म्हणून अनेक कॉलेजं इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि परभाषा या पाच मुख्य विषयांवरून आपला आकडा नव्याने काढतात. त्याशिवाय काउन्सेलर (शाळेतला सल्लागार) जो फॉर्म पाठवतो, त्यात शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत याची विषयनिवड किती कठीण, याची पाच पायऱ्यांची मोजणी असते आणि सोबत शाळेचं प्रोफाइल जातं. शाळेत किती एपी शिकवतात, किती घेता येतात, हे त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच शाळांच्या वेबसाइटवर ती पीडीएफ मिळते. फॉर्म भरण्याआधी वाचा. आणि काउन्सेलरला सरळ विचारा की सर्वांत वरच्या पायरीवर खूण करायला तुम्ही काय बघता. उत्तर ‘मुख्य पाचांत जमेल तिथे वरचा वर्ग’ असं आलं, तर ऑर्केस्ट्रा आड येत नाही. काही शाळांत एपींची संख्या मोजतात. तसं असेल तर निदान किती एपी लागतात ते तरी कळेल.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा हिशोब तर आणखी बोलका आहे. तिचा जीपीए दहावी-अकरावीच्या गुणांवरून निघतो आणि जादा वजन जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांना मिळतं, त्यातही दहावीची चारच. म्हणजे त्या दोन वर्षांत पूर्ण वर्षाचे चार एपी झाले की पाचव्याने तो आकडा वाढत नाही. विषयनिवडीचा कठीणपणा ते बघतातच, पण बेरजेपुरतं तिथे दार बंद. उलट तिच्या पंधरा सक्तीच्या विषयांत एक वर्ष कलेचं आहे. दोन सेमिस्टर वेगवेगळी घेतली तर ती एकाच कलेची लागतात. अर्धं वर्ष चित्रकला आणि अर्धं वर्ष नाटक असं जोडून चालत नाही. दुसऱ्या राज्यातून अर्ज करणारी मुलं इथे हमखास अडकतात.

एपी निवडताना मी दोन जाती करायला सांगते. पहिला ‘जागेवरचा’ एपी: अकरावीचं इंग्रजी घ्यावंच लागतं, त्याच्या जागी एपी लँग्वेज, अमेरिकेचा इतिहास सक्तीचा, त्याच्या जागी एपी यूएस हिस्टरी, गणित तर आहेच, तिथे कॅल्क्युलस. यांनी वेळापत्रकात नवी जागा लागत नाही. दुसरा ‘जागा खाणारा’: सायकॉलॉजी, ह्यूमन जिऑग्रफी, एन्व्हायर्न्मेंटल सायन्स. हे वाईट विषय नव्हेत. मुलाला मानसशास्त्राची खरी ओढ असेल तर जरूर घ्यावं. पण यांतला एक घेताना कशाचा तरी बळी जातो, हे माहीत असू द्या. आधी जागेवरचे भरा, मग उरलेल्या पिरियडांचा विचार करा.

चित्रकलेच्या मुलांना आणखी एक वाट आहे. एपी ड्रॉइंगला लेखी पेपर नसतो, पोर्टफोलिओ द्यावा लागतो: एका धाग्यावर केलेल्या कामाच्या 15 प्रतिमा आणि पाच निवडक कामं. कला राहते आणि वजनही मिळतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना एपी म्युझिक थिअरी आहे, पण तिथे स्वर ऐकून नोटेशन लिहावं लागतं. हार्मोनियम येते म्हणून ते सोपं जाईल असं धरून चालू नका.

वेळेचा हिशोब कागदावर करा, तोंडी करू नका. आठवड्याचे 168 तास. झोप 56, शाळा 35, खाणं-आंघोळ-येणंजाणं रोजचे तीन धरून 21. उरले 56. एका एपीला घरी आठवड्याला पाच तास धरा (केमिस्ट्री आणि यूएस हिस्टरी याहून जास्त मागतात), म्हणजे चारांचे 20. बाकीच्या तिघांचे मिळून साडेसात. उरले साडेअठ्ठावीस. आता मुलगा मार्चिंग बँडमध्ये असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात तीन संध्याकाळी तीन-तीन तास सराव, शुक्रवारी फुटबॉलच्या मॅचचे पाच, शनिवारी स्पर्धेचे आठ: 22 गेले. हाती साडेसहा तास. त्यात रविवारची मराठी शाळा, दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम, आणि बारावीत असेल तर अर्जांचे निबंध. पाचवा एपी यात बसवला की तो झोपेतूनच कापला जातो, कारण बाकी सगळ्याला हजेरी लागते. बँडवाल्या मुलाने तीनच एपी घेतले तर मला तरी त्यात काही कमी वाटत नाही.

परभाषेला इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) समजून दहावीनंतर सोडतात, ती चूक महागात पडते. न्यू जर्सीत हायस्कूलच्या डिप्लोमाला एका वर्षाची भाषा पुरते, पण ती शाळा संपवण्याची किमान अट झाली. चुरशीची कॉलेजं तीन-चार वर्षांची अपेक्षा ठेवतात. मराठी चांगली लिहिता-वाचता येत असेल तर डिप्लोमावरच्या ‘सील ऑफ बायलिटरसी’साठी (दोन भाषा लिहिता-वाचता येतात याची मोहर) मराठीची परीक्षा देता येते का, हे शाळेत विचारा. तो मान वेगळा आहे, त्याने स्पॅनिशची वर्षं भरून निघतात असं गृहीत धरू नका.

‘हो, सोडा’ असं कधी म्हणायचं? इंजिनिअरिंगला जायचंय आणि बारावीपर्यंत फिजिक्स घेतलेलंच नाही, तेव्हा. किंवा इलेक्टिव्ह नुसतं ‘ईझी ए’ म्हणून घेतलं होतं आणि मुलालाच त्याचं काही पडलेलं नाही, तेव्हा. मग बिनधास्त सोडा.

आणि एवढं सगळं ठरवूनही बेत फसतो तो वेळापत्रकात. वरच्या पातळीच्या ऑर्केस्ट्राचा एकच वर्ग असतो, एपी फिजिक्स सीचाही एकच, आणि दोन्ही चौथ्या पिरियडला येतात. अशा एकुलत्या वर्गांना शाळेत ‘सिंगलटन’ म्हणतात. फेब्रुवारीतच काउन्सेलरला विचारा की आपल्या यादीत असे किती आहेत आणि गेल्या वर्षी कोणाची कोणाशी टक्कर झाली होती. फॉर्मवरचे पर्यायी विषयांचे रकाने रिकामे ठेवू नका, नाहीतर टक्कर झाल्यावर जिथे जागा असेल तिथे मूल टाकलं जातं. शारीरिक शिक्षण, आरोग्य किंवा पैशाच्या व्यवहाराचा सक्तीचा विषय उन्हाळ्यात ऑनलाइन करून एक पिरियड मोकळा करता येतो, मात्र शाळेची लेखी मंजुरी आधी हवी. कोर्स संपवून प्रमाणपत्र नेलं तर क्रेडिट नाकारलं जाऊ शकतं.

सप्टेंबरात वर्ग जड वाटला तर बदलायची मुदत थोडी असते, पुष्कळ ठिकाणी पहिले दोन-तीन आठवडेच. पुढे सोडलेला विषय काही शाळांच्या ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे मधेच सोडलेला) म्हणून उमटतो. बारावीत अर्ज गेल्यानंतर विषय बदलला, तर ज्या ज्या कॉलेजांना आधीची यादी पाठवली त्या सगळ्यांना कळवावं लागतं. सहामाहीचा रिपोर्ट शाळेकडून जातोच, आणि त्यात नसलेला एपी त्यांना तिथेही दिसतो.