पऱ्हाटीले कोन झाड म्हनते?

जून लागला की आमच्या तालुक्यात झाडं लावायचा हंगाम येतो. खड्डे, रोपं, हार, फोटो. वड, पिंपळ, कडुनिंबावर भाषणं होतात. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हे मोबाइलवर आलेलं वाक्य कोणीतरी ठासून सांगतोच. ऑक्सिजन सुटायला ऊन लागतं, मग झाड कोणतंही असो. पण सांगणाऱ्याचा उत्साह पाहून मी गप्प बसतो.

त्याच दिवसांत गावाच्या चारी बाजूंनी सरकी, म्हणजे कापसाचं बी, टोबणं सुरू असतं. त्यातून उगवते ती पऱ्हाटी, कापसाचं झुडूप. तिचा फोटो कोणी काढत नाही. पऱ्हाटीले कोन झाड म्हनते? कंबरेएवढी, फार तर छातीएवढी वाढणार, वर्षाच्या आत उपटली जाणार. वटपौर्णिमेला वडाभोवती सात फेरे होतात, पूजा वडाची होते. गुंडाळलेला दोरा पऱ्हाटीचा असतो, हे कोणाच्या मनात येत नाही.

तिचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. मग पाकळ्या गळतात आणि बोंड धरतं. बोंडातला एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवून अडीच-तीन सेंटिमीटर लांबलेली एकच पेशी. तो जवळजवळ सगळा सेल्युलोज. त्यातला कार्बन पानांनी हवेतून ओढलेला, पाणी मुळांनी काळ्या मातीतून. म्हणजे धोतर असो की जीन्स, अंगावर यवतमाळ-वर्ध्याची हवा आणि पाऊसच असतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला की डोक्याला बांधलेला दुपट्टाही त्याच हवेचा. झाडं नसती तर माणूस गुदमरला असता हे सगळे सांगतात. उघडाही पडला असता, हे सांगायचं राहतं.

क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला तर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते साधारण तेहतीस-पस्तीस किलो. बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल काढून उरते ती ढेप. कच्च्या सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं, म्हणून तेल शुद्ध करूनच खायचं. पण गाई-म्हशी ढेप खाऊन खुशाल रवंथ करतात. त्यांच्या पोटात त्या विषाचा जोर बराच मोडतो. सकाळच्या चहातल्या दुधापर्यंत पऱ्हाटी अशी पोचते. (कापसाच्या भावाचं मी बोलत नाही. तो विषय काढला की चहा कडू होतो.)

उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी आटोपली, की शेतात काड्या उरतात आणि खरं भांडण तिथून सुरू होतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या घरामागे दरवर्षी पऱ्हाट्यांचा ढीग लागतो. गॅस आहे, पण तो पाहुण्यांसाठी. भाकर चुलीवरच. उरलेल्या काड्यांनी कुंपणाच्या फटी बुजतात.

यंदा कृषी सहायक सांगायला आला : फरदड (हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, ढीगही ठेवू नका. काडीला राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते, तिचे पतंग पुढच्या पिकावर जातात. त्यापेक्षा यंत्रानं बारीक करून मातीत मिसळा, जमिनीला खत होईल. बोलणं शंभर टक्के बरोबर होतं.

काकूंनी ऐकून घेतलं. "अन् चुलीत काय टाकू, तुह्यं भाषण?"

"काकू, अळी..."

"चुलीतून अळी उडून येते का, बाबू?"

तो म्हणाला, चुलीत जाईपर्यंत ढीग चार महिने तसाच पडून असतो ना. त्यावर काकू जरा थांबल्या. शेवटी ठरलं की आधी वाळकी बोंडं झोडून जाळायची, मग नुसत्या काड्या रचायच्या. काकूंनी लगेच एक पेंढी त्याच्यासमोर टाकली आणि म्हणाल्या, "दाखव मंग झोडून."