काकांचं खातं रोज लॉक का होत होतं

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या काकांचा सकाळी फोन यायचा. "अरे, आज परत लॉक. टॅलीपर्यंत पोचताच येत नाही." अर्ध्या तासाने खातं आपोआप उघडायचं, दुपारी पुन्हा बंद. शेठजींना वाटत होतं की चुकीचे पासवर्ड पडले की खातं लॉक होण्याचं सेटिंगच काढून टाकावं, कामं खोळंबताहेत. बडोद्यातल्या लहान कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं मी करतो, आणि अशी मागणी मी कधीच लगेच मान्य करत नाही. म्हटलं, "आजचा दिवस द्या. दार कोण ठोठावतंय ते आधी बघू."

टॅलीचं मशीन विंडोज ७ चं. विंडोजच्या नोंदवहीत, सिक्युरिटी लॉगमध्ये, ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी एकामागून एक पडत होत्या. नावं तीच ती: अ‍ॅडमिन, टेस्ट, स्कॅनर, अकाउंट्स. काकांच्या खात्याचं नाव 'अकाउंट्स'च होतं, त्यामुळे लॉक व्हायचे ते बिचारे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये काकांना दांडिया बाजारातल्या घरून काम करता यावं म्हणून आधीच्या माणसाने राउटरवर रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) उघडून दिला होता. पोर्ट म्हणजे आत यायचं क्रमांकाचं दार; नेहमीच्या ३३८९ ऐवजी बाहेरचा पोर्ट ३३८९० ठेवला, की कुणाला सापडणार नाही. पण पोर्ट एकूण ६५,५३५ च आहेत. झीमॅप नावाचं साधन २०१३ पासून चांगल्या लाइनवर एक पोर्ट घेऊन इंटरनेटचे सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत पालथे घालतं. तिथे नंबर बदलून लपता येत नाही. दार सापडलं की अनोळखी लोकांचे प्रोग्रॅम नेहमीची नावं घेऊन पासवर्ड आजमावत राहतात.

काकांचं खातं लॉक होत होतं तोवर निदान ते वाचत होतं. मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. विंडोजचं मूळ 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खातं विंडोज ७ मध्ये लॉकआउटच्या नियमात येत नाही, त्यावर कितीही पासवर्ड आजमावता येतात. एरवी ते बंद असतं. इथे कुणीतरी चालू करून ठेवलं होतं.

मग कुणी आत शिरलं होतं का? सिक्युरिटी लॉगचा मूळ आकार २० एमबी. फसलेल्या नोंदींच्या लोंढ्याने तो भरून जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. मागचे थोडेच दिवस हाती लागले. उपयोगी पडला तो टर्मिनल सर्व्हिसेसचा (रिमोट डेस्कटॉपचंच जुनं नाव) लोकल सेशन मॅनेजर लॉग. त्यात फक्त खरोखर सुरू झालेली सेशन्स २१ क्रमांकाने, आलेल्या पत्त्यासकट नोंदली जातात, म्हणून तो कित्येक महिने मागे जात होता. एकेक नोंद काकांसमोर वाचली. रात्री दीडची एक दिसली आणि माझा हात थांबला. काका म्हणाले, "तो मीच. मार्चचा शेवट होता, क्लोजिंग चालू होतं." पत्ताही त्यांच्याच ब्रॉडबँड कंपनीचा निघाला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने बाहेरून एकही सेशन नव्हतं. त्या मशीनवर २०१९ च्या मे महिन्यात आलेला ब्लूकीप या रिमोट डेस्कटॉपमधल्या भोकाचा पॅचही (दुरुस्तीही) नव्हता. पण नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू होतं, म्हणजे पासवर्ड पटल्याशिवाय त्या भोकापर्यंत पोचता येत नव्हतं. नाहीतर पासवर्डशिवायही मशीन ताब्यात जाऊ शकलं असतं.

शेठजींना तरी पटेना. राउटरवर ५९०० हा पोर्टपण उघडा होता: सीएनसी मशीनच्या कॉम्प्युटरवर सर्व्हिसवाल्याने व्हीएनसी, म्हणजे दुरून स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर, बसवलेलं. पासवर्ड बारा अक्षरांचा आहे, असं शेठजी विश्वासाने म्हणाले. मी त्यांच्यासमोर पहिली आठ अक्षरं टाइप करून एंटर दाबलं. स्क्रीन उघडली. व्हीएनसीची जुनी पासवर्ड पद्धत आठच अक्षरं बघते, पुढची सोडून देते. शेठजी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "सगळं बंद करा."

दोन्ही पोर्ट काढले, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बंद केला, सगळे पासवर्ड बदलले, टॅलीच्या डेटाची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घेऊन तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवला. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर राउटरओएस ७ ही प्रणाली होतीच, तिच्यातलं वायरगार्ड, म्हणजे बाहेरून आत यायचा कुलूपबंद बोगदा, चालू केलं. ज्याच्याकडे योग्य डिजिटल किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. किल्ली प्रत्येकाच्या लॅपटॉपची वेगळी. लॅपटॉप हरवला तर तेवढी एक काढायची. लॉकआउटचं सेटिंग तसंच ठेवलं.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. नवं मशीन येईपर्यंत जुन्याचं इंटरनेट राउटरवरच तोडलं; काका वायरगार्डमधून फक्त टॅलीपुरते पोचतात. पहिल्या संध्याकाळी त्यांनी घरून फोन केला, "एक बटण जास्त दाबावं लागतं, एवढंच ना?"

सर्व्हिसवाला कुरकुरला. त्याला चोवीस तास रस्ता मोकळा हवा होता. आता तो आधी फोन करतो, फोरमन त्याची किल्ली चालू करतो आणि काम झालं की बंद करून वहीत वेळ लिहितो.