फ्लेक आधी सुकवा, मग पाईप भरा

तंबाखू ओढायचा नवीन पाईप घेतलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, डबा उघडल्यावर तो जो मनुकांसारखा, वाळल्या गवतासारखा गोड वास येतो तो ओढताना जातो कुठे? तोंडात नुसता गरम धूर आणि जीभ चरचरते. मग दुसरा ब्लेंड, म्हणजे तंबाखूचं दुसरं मिश्रण, आणतात, मग तिसरा. माझं म्हणणं, ब्लेंड बदलायच्या आधी दोनच गोष्टी बघा, पान किती ओलं आहे आणि तुम्ही किती घाईने ओढताय.

व्हर्जिनिया तंबाखूचंच घेऊ, कारण मला तीच सगळ्यात जास्त आवडते. ती फ्लू-क्युअर्ड असते, म्हणजे बंद कोठारात गरम हवेवर सुकवलेली, त्यामुळे पानातली साखर टिकून राहते. या साखरेमुळे गोडवा येतो, पण घाईने ओढून तापवली की हीच तंबाखू जीभ पोळते. बर्ली ही दुसरी तंबाखू सावलीत हवेवर सुकवतात, तिच्यात साखर फारच कमी. लाटाकिया तर धुरीवरच धरलेली असते, तिचा धुरकट वास थोड्या घाईतही टिकतो, व्हर्जिनियाचं मात्र तसं नाही.

इंग्लंडमधल्या केंडलच्या सॅम्युएल गॉविथ कंपनीची फुल व्हर्जिनिया फ्लेक घ्या, फ्लेक म्हणजे दाबून पातळ कापलेली तंबाखू. गडद तपकिरी लांब पट्ट्या, हाताला चक्क ओलसर लागतात. तशीच भरली तर आगीची बरीच ताकद पाणी उकळण्यात जाते, पाईप विझतो, मग आपण जोरात ओढतो, वाफ जिभेवर येते आणि खाली गुडगुड सुरू. म्हणून पट्टी बोटांनी मोकळी करायची आणि कागदावर पसरून ठेवायची, तासभर तरी. आपल्याकडे पावसाळ्यात तासाभराने काही होत नाही, तेव्हा टेबल लॅम्पखाली ठेवा. चिमूट दाबून सोडा, गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे, हळूहळू उलगडली तर झालं काम, आणि कुरकुर आवाज आला तर जास्त सुकली.

भरताना खाली सैल, वर जरा घट्ट. न पेटवता एक झुरका घेऊन बघा, हवा सहज यायला हवी, अडकत असेल तर सरळ काढून परत भरा. काडी पेटवल्यावर गुलाचा वास जाऊ द्या मग पानाजवळ न्या. पहिल्या पेटवणीत पान फुगून वर येतं, ते टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांड्याने, अलगद बसवायचं आणि मग खरं पेटवायचं.

आता ओढणं. वाफाळत्या चहाचा घोट घेतो ना, तेवढंच आणि तेवढंच हळू. बाऊल, म्हणजे तंबाखू भरायचा खोलगट भाग, हातात आरामात धरता आला पाहिजे, चटका बसायला लागला की खाली ठेवा, विझला तर विझू दे, परत पेटवण्यात काही कमीपणा नाही. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातला थोडासा नाकावाटे सोडायचा, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं नाकालाच कळतं. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी आंबूस, अर्ध्यावर आलं की भाजलेल्या पावासारखं, मधासारखं. (छातीत घेत नाही म्हणून पाईप निरुपद्रवी आहे असं अजिबात नाही हं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच, म्हणून मी क्वचित ओढतो आणि ओढतो तेव्हा नीट वेळ काढून.)

झाल्यावर पाईप क्लीनर फिरवा, पण पाईप गरम असताना तोंडात धरायची दांडी उपसू नका, सांधा सैल होतो किंवा तुटतो. पाईपचं ब्रायरचं लाकूड ओल शोषतं, त्याला निदान एक दिवस सुट्टी द्या. आणि लाटाकियासाठी वेगळाच पाईप ठेवा, तिचा वास एकदा लाकडात बसला की त्या पाईपमध्ये व्हर्जिनिया परत व्हर्जिनियासारखी लागायला फार दिवस जातात.

दोन डबे घेणं परवडत असेल तर एक न उघडता कपाटात टाका, वर तारीख लिहून. व्हर्जिनिया वर्षानुवर्षं मुरते, तिचा धारदारपणा कमी होतो. उघडलेला डबा मात्र तसाच ठेवू नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढा.