आमची वाटचाल : खळ्यापासून कोलंबोपर्यंत

माझं माहेर उरण तालुक्यातलं. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते, आणि आमच्या भागातल्या अनेकांसारखी मोठेपणी मीही बंदराच्याच कामाला लागले. एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्याच्या, ऑफिसात सहा वर्षं शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीचे कस्टमचे अर्ज, भरली. २००८ ला लग्न होऊन निफाड तालुक्यात आले. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, बाजार समितीतले परवानाधारक कांदा व्यापारी. लिलावात माल घ्यायचा, खळ्यावर आणून निवडायचा आणि मुंबईच्या बड्या निर्यातदाराला द्यायचा, असा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. त्यांना कांदा कळायचा, मला कागद कळायचे. मग आपला माल दुसऱ्याच्या नावावर का जातो, असं मी एकदा जेवताना विचारलं. आप्पा हात धुवायला उठता उठता म्हणाले, "कर मग सुरू. पैशाचं मी बघतो, जहाजाचं तू बघ." २०१२ मध्ये फर्मच्या नावाने आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा नंबर, काढला आणि त्याच वर्षी पहिला कंटेनर कोलंबोला गेला.

निर्यातीचा कांदा म्हणजे काय, हे मला खळ्यावरच्या बायकांनी शिकवलं. जोड कांदा बाजूला, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला बाजूला, पत्ती म्हणजे वरचं साल गेलेला आणि काजळी म्हणजे काळी बुरशी धरलेला बाजूला, गोल्टीचा म्हणजे बारक्या कांद्याचा ढीग वेगळा. उरलेला प्रत्येक कांदा हातात घेऊन मानेजवळ अंगठ्याने दाबायचा. मान मऊ लागली की तो कांदा समुद्र पार करत नाही, वाटेतच सडतो आणि गोणीतल्या शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. आमच्या निवडणाऱ्या मावशींच्या अंगठ्याला ही परीक्षा इतकी सवयीची झाली आहे की बोलता बोलता त्या एका दिवसात काही हजार कांदे तपासतात. एका कंटेनरमध्ये २९ टन माल बसतो. त्यातल्या शेवटच्या गोणीपर्यंत त्यांचा अंगठा पोचलेला असतो.

कोलंबोच्या पेट्टा बाजारातला आमचा गिऱ्हाईक तमिळ बोलणारा. आमचं बोलणं मोडक्या हिंदी-इंग्रजीत चालतं, पण पहिल्या कंटेनरपासून तो मला 'अक्का' म्हणतो. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया कोसळला, डॉलर मिळेनात, तेव्हा त्याने आमची थकलेली रक्कम सात महिन्यांत तुकड्या-तुकड्याने फेडली, एक पैसा बुडवला नाही. असा माणूस जपावा लागतो.

सुरुवातीच्या वर्षांत धक्के बसले तेही सोसण्यासारखे होते. कांद्याच्या निर्यातीवर मिळणारं प्रोत्साहन डिसेंबर २०१८ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के झालं आणि जून २०१९ मध्ये पूर्ण निघून गेलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला निर्यातबंदी आली, ती १५ मार्च २०२० ला उठली. दहा दिवसांत टाळेबंदी लागली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ ला पुन्हा मोकळीक. प्रत्येक वेळी थोडं भांडवल गेलं, प्रत्येक वेळी बँकेच्या सीसी कर्जाची मर्यादा वाढवून उभे राहिलो. २०२३ मात्र वेगळं होतं.

त्या वर्षी १९ ऑगस्टला शनिवार होता, नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीतून निघत होता, माल देखणा होता. दुपारी आमचा ट्रक खळ्यावरून सुटला. बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरायच्या गोदामात, माल उतरवून कंटेनर भरायचा आणि सोमवारी शिपिंग बिल टाकायचं असं ठरलं होतं. ट्रक कसारा घाटात असताना संध्याकाळी बातमी आली की कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, तत्काळ लागू.

हे शुल्क कोणत्या तारखेचं लागतं ते इथे सांगायला हवं, कारण गावातल्या पुष्कळांना ते माहीत नाही. सौदा ठरला त्या दिवसाचा दर लागत नाही, माल खळ्यावरून निघाला त्या दिवसाचाही नाही. कस्टमचा अधिकारी माल चढवायची परवानगी, म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर, ज्या दिवशी देतो त्या दिवशीचा दर लागतो. आमचा सौदा दहा दिवसांपूर्वी बंदरपोच २८ रुपये किलोने झाला होता. २९ टनांचे ८ लाख १२ हजार. त्यावर ४० टक्के म्हणजे सव्वातीन लाख. किलोमागे आम्हाला सुटतो एक रुपया, कंटेनरमागे २९ हजार. म्हणजे घाटात उभ्या असलेल्या त्या एका ट्रकने आमच्या अकरा कंटेनरांची कमाई मागितली. ड्रायव्हरने फोन केला, "ताई, वळवू का गाडी?" मी आप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "शब्द दिलाय ना? जाऊ दे." गाडी गेली. शुल्क आम्ही भरलं. गिऱ्हाइकाने आपल्या परीने ४० हजारांचा भार उचलला, तेवढीच त्याचीही ऐपत होती.

सोमवारपासून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. सरकारने २,४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन कांदा खरेदी करायचं जाहीर केलं. त्यातून कुणाला किती मिळालं यात मी शिरत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचा किमान निर्यात दर आला, म्हणजे त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवायचा नाही. त्या दराने आमचा माल घेणारे थोडेच, तरी जमेल तसं पाठवत राहिलो. आणि ७ डिसेंबरच्या रात्री सरसकट बंदी.

लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा टिकाऊ नसतो. पाण्याचा अंश जास्त, पत्ती पातळ, दोन-तीन आठवड्यांत संपवावाच लागतो. त्या रात्री आमचे तीन कंटेनर बंदराकडे होते. बंदीच्या अधिसूचनेत एक सवलत होती. जहाजावर चढायला लागलेला किंवा आधीच कस्टमच्या ताब्यात दिलेला माल जाऊ शकत होता. आमचा एक कंटेनर त्यात बसला. उरलेले दोन गेटबाहेरच्या रांगेत होते, काही तासांनी हुकले. खुलासा येईल, मुदत मिळेल या आशेवर नऊ दिवस थांबलो. त्या नऊ दिवसांचं प्लग-इनचं, म्हणजे कंटेनर थंड ठेवायच्या विजेचं, बिल, डिटेन्शन म्हणजे कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार, ट्रेलरचं थांबण्याचं भाडं, सगळं चालू होतं. दहाव्या दिवशी दोन्ही कंटेनर परत बोलावले.

खळ्यावर दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा वास आला. जाळीच्या गोण्यांतून हिरवे कोंब बाहेर डोकावत होते, बोटभर लांब, पोपटी. खालच्या थरातल्या गोण्या ओल्या झाल्या होत्या आणि उचलताना हमालांच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. मावशी पुन्हा निवडायला बसल्या, त्याच कांद्यांना दुसऱ्यांदा. त्यातली एक, जी कधी फारशी बोलत नाही, ती एक कांदा माझ्यापुढे धरून म्हणाली, "हा माझ्या हातचा आहे, ताई. मान कडक होती याची." ती खरं बोलत होती. मान अजूनही कडक होती, पण आतून कोंब फुटला होता. निम्मा माल उकिरड्यावर गेला. उरलेला विकला तोवर बाजार निम्म्याजवळ आला होता. शेतकऱ्याचे पैसे आम्ही लिलावाच्याच दिवशी चुकते केले होते, ते तसेच द्यायला हवेत. त्यामुळे खड्डा पडला तो सगळा फर्मला. त्या हिवाळ्यात मी लग्नातल्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि मावशींची एकही मजुरी थकवली नाही.

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे, हे मला मनापासून मान्य आहे. माझ्या माहेरची माणसंही कांदा विकतच घेतात. टंचाईच्या वर्षी सरकार निर्यात आवळेल हेही समजू शकते. माझं दुखणं आहे ते रात्रीतून लागू होणाऱ्या तारखेचं. कांदा वाटेवर असतो, त्याला परतीची वाट नसते. जाहीर केल्यापासून पंधरा दिवसांनी लागू, किंवा आधी नोंदवलेल्या सौद्यांना मुभा, एवढं झालं तरी आमच्यासारख्या छोट्या फर्म तगतील. बड्या निर्यातदाराकडे वीस देशांची गिऱ्हाइकं आणि पाच पिकं असतात, एका फटक्याने तो आडवा होत नाही.

याची दुसरी बाजू मी द्राक्षांत बघितली आहे. २०१७ पासून आम्ही शेजारच्या बागाईतदारांची थॉमसन जातीची द्राक्षं युरोपला पाठवतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली आणि आमच्या पट्ट्यातली घरंच्या घरं कर्जात गेली. पण त्यानंतर काय करायचं ते कळलं. दर हंगामाआधी अपेडा, म्हणजे केंद्र सरकारची शेतमाल निर्यातीची संस्था, निर्यातीच्या द्राक्षांसाठी औषधांची यादी आणि अंशांच्या मर्यादा काढते. बागेची ग्रेपनेट या अपेडाच्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंद होते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. युरोपचा नियम कांद्यावरच्या कुठल्याही नियमापेक्षा कडक आहे, तरी आमचा शेतकरी तो पाळतो, कारण गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, कात्री लावायच्या आधी तो त्याला माहीत असतो.

समुद्राचं संकट मात्र कुणाला सांगून येत नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे जहाज आडवं झालं आणि सहा दिवस वाट बंद राहिली, तेव्हा आमचा एक कंटेनर मागच्या रांगेत होता. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले वाढले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपातल्या रॉटरडॅम बंदराला जायला आधीच तीन-चार आठवडे लागायचे, त्यात आणखी दहा-पंधरा दिवसांची भर पडली. भाडं दुपटीच्या वर गेलं. कांदा घरात सडत होता त्याच महिन्यात हे झालं.

द्राक्षाचं वय देठावरून कळतं. मणी कडक आणि गोड असला तरी देठ तपकिरी झाला की तिकडचा दुकानदार माल मागे सारतो. आम्ही त्या हंगामात काढणी सकाळी नऊच्या आत संपवायची असं ठरवलं, बागेतून पॅकहाऊसला क्रेट नेताना ओलं गोणपाट टाकलं, प्रीकूलिंगला, म्हणजे भरण्याआधी माल थंड करायला, दोन तास जास्त दिले. माझे दीर रात्रभर तापमानाच्या नोंदी बघत बसायचे. सात कंटेनर गेले. सहा नीट पोचले. सातव्याचे देठ सुकले होते आणि गिऱ्हाइकाने बिलातून कपात केली. बागाईतदारांशी बसून ती कपात आम्ही अर्धी-अर्धी वाटून घेतली. कुणी आवाज चढवला नाही, त्या बैठकीचं मला आजही समाधान आहे.

कांद्याची बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दोन्ही धरून टनाला ७७० डॉलर, म्हणजे किलोला चौसष्टच्या आसपास. पेट्टाच्या बाजारात तोवर पाकिस्तानचा कांदा बसला होता. सप्टेंबरात किमान दर गेला, शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

त्याच आठवड्यात आम्ही कोलंबोचा कंटेनर भरला. आता गिऱ्हाईक प्रत्येक टप्प्याचा फोटो मागतो. गोण्यांचा, सीलचा, कंटेनर बंदरात शिरल्याच्या गेट-इन पावतीचा. आधी असं कधी मागत नव्हता. त्या रात्री पावणेबाराला गेट-इनची पावती पाठवली, तो जागाच होता. "ओके अक्का," एवढंच आलं. पूर्वी त्याला आठवड्याला चार कंटेनर जायचे, आता दोन जातात. उरलेल्या दोनसाठी मी दर सोमवारी सकाळी त्याला फोन करते.