वॅन ऑप्टिमायझर, पुढचा टप्पा: आधी टीसीपी तोडली, डीडुप नंतर

वॅन ऑप्टिमायझर म्हणजे लांबच्या लाइनवरून डेटा वेगाने पोहोचवणारी बॉक्सची जोडी. माझ्या घरच्या लॅबमधल्या जोडीचे दोन्ही टोकांचे बॉक्स आता इनलाइन, म्हणजे ट्रॅफिकच्या वाटेतच, चालू आहेत. मध्ये तिसरं लिनक्स मशीन, त्यावर नेटेम (लांबच्या लाइनचा विलंब आणि गळती मुद्दाम आणणारं लिनक्सचं साधन): लाइन १०० एमबीपीएस, जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद, पॅकेट लॉस (वाटेत गळणारी पॅकेट) ०.१ टक्का. नेटेम वापरणाऱ्यांनी लिमिट तपासून घ्या, डीफॉल्ट १००० पॅकेटचं असतं. सगळा विलंब एकाच दिशेला लावला, तर या वेगाला सुमारे १६७० पॅकेट रांगेत थांबलेली हवीत. जास्तीची गुपचूप गळतात आणि बोल लागतो बॉक्सला. मी शंभर-शंभर असं दोन्हीकडे वाटलंय आणि लिमिट १०,००० ठेवलंय.

आता हिशेब. १०० एमबीपीएस गुणिले ०.२ सेकंद म्हणजे अडीच मेगाबाइट. एवढा डेटा कायम वाटेत असेल तरच लाइन भरते. टीसीपी हा डेटा पोच घेत नेणारा इंटरनेटचा प्रोटोकॉल, आणि त्याची विंडो म्हणजे पोच येण्याआधी वाटेत सोडता येणारा डेटा. ती मोठी करायची सोय, म्हणजे विंडो स्केलिंग, नसेल तर ती ६५,५३५ बाइटवर अडते आणि वेग २.६ एमबीपीएसच्या पुढे सरकत नाही, लाइन कितीही जाड घ्या. स्केलिंग १९९२ पासून प्रमाणित असल्याने आजच्या मशीनला हा त्रास सहसा नाही. लॉस मात्र उरतोच. रेनो या टीसीपीच्या जुन्या वेग-नियंत्रण पद्धतीसाठीचं १९९७ सालचं मॅथिस सूत्र (लॉसवरून वेग काढणारं) ०.१ टक्का लॉसला लावून बघा, सव्वादोन एमबीपीएसच्या आसपास उत्तर येतं. त्या सूत्रात बँडविड्थ कुठेच नाही!

म्हणून कॉम्प्रेशन आणि डीडुप (आधी गेलेला डेटा पुन्हा न पाठवता नुसता संदर्भ पाठवणं) दोन्ही बंद ठेवून आधी फक्त टीसीपी तोडली, म्हणजे एका लांब कनेक्शनचे बॉक्सपाशी तुकडे केले. क्लायंटचं कनेक्शन जवळचा बॉक्स टीप्रॉक्सीने (पत्ते न बदलता कनेक्शन अडवायची लिनक्सची सोय) अडवतो आणि अ‍ॅक (डेटा मिळाल्याची पोच) तिथल्या तिथे देऊन टाकतो. लांबचा पल्ला फक्त दोन बॉक्समध्ये उरतो, आणि तिथला कर्नल आपल्या ताब्यात आहे. तिकडे क्युबिकऐवजी बीबीआर (दोन्ही टीसीपीचा वेग ठरवणाऱ्या पद्धती), क्यूडिस्क म्हणजे पॅकेटची रांग एफक्यू प्रकारची, आरमेम-डब्ल्यूमेम म्हणजे घेण्या-पाठवण्याच्या बफरची कमाल १६ मेगाबाइट. बीबीआर लॉस दिसला म्हणून वेग निम्मा करत नाही, त्यामुळे लाइन जवळजवळ भरायला लागली. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला मोठा फायदा इथेच आहे.

याची किंमतही आहे. पाठवणाऱ्याचा प्रोग्रेस बार भर्रकन शंभर टक्क्यांना जातो, पण डेटा अजून बॉक्सच्या बफरमध्येच असतो. त्यामुळे वेळ मोजायची ती पलीकडच्या टोकाला, घेणाऱ्याकडे. मधेच बॉक्स मेला तर अ‍ॅक दिलेला डेटाही गेला. आणि क्लायंटच्या सिनला (कनेक्शन मागणाऱ्या पहिल्या पॅकेटला) उत्तर देण्याआधी पलीकडच्या सर्व्हरने होकार दिलाय ना, हे बघायलाच हवं, नाहीतर बंद पडलेल्या सर्व्हरशीही ‘कनेक्ट’ झाल्याचं दिसतं. माझ्या प्रॉक्सीत हे अजून अर्धवट आहे.

डीडुप आता चालू केलंय. तुकडे ठरावीक मापाने न पाडता रोलिंग हॅशने, म्हणजे आतला मजकूर बघून, पाडतो. फाइलच्या सुरुवातीला चार बाइट घुसवले तरी पहिला तुकडाच बदलतो, पुढच्यांचे नुसते संदर्भ जातात. पहिल्या फेरीत फायदा शून्य, तीच टार फाइल दुसऱ्यांदा पाठवली की मजा दिसते. जीझिपने आवळलेल्या फाइलमध्ये आत जरा बदल झाला की पुढचं सगळंच वेगळं दिसतं, तिथे जीझिपचा आरसिंकेबल पर्याय उपयोगी पडतो, त्याने बदलाचा परिणाम जवळपासच राहतो. एचटीटीपीएस आणि एसएसएचवर मात्र काहीच हाती लागत नाही: दर सत्राला किल्ली नवी, म्हणून तीच फाइल दर वेळी नवीच दिसते. आपलं सर्टिफिकेट घालून एचटीटीपीएस मधे उघडता येतं, पण घरच्या लॅबमध्ये मला ते करायचं नाही. आजकाल बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेडच असतो, त्यामुळे डीडुपसाठी मोठी डिस्क घ्यायचा विचार तूर्त सोडलाय.

दोन बॉक्सना जोडणारं टनेल जीआरईचं आहे, म्हणजे पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून जातं. त्याचे २४ बाइट वजा जाता एमटीयू (पॅकेटचं कमाल माप) १४७६ उरतो, म्हणून एमएसएस (त्यातल्या टीसीपी डेटाचं कमाल माप) १४३६ ला क्लॅम्प केलाय, म्हणजे तिथे मर्यादित केलाय.

पुढचं काम बायपासचं, म्हणजे बॉक्स बिघडला तरी ट्रॅफिक चालू ठेवायचं. प्रॉक्सीची प्रोसेस पडली तरी ट्रॅफिक तिच्याकडे वळवणारे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम तसेच राहतात आणि नवी कनेक्शनं अडकतात. विकतच्या बॉक्समध्ये त्यासाठी रिले असतो, बिघाड झाला की दोन्ही पोर्ट थेट जोडले जातात. माझ्याकडे तूर्त एक छोटी वॉचडॉग (पहारा देणारी) स्क्रिप्ट आहे, प्रोसेस पडली की ती नियम काढून टाकते. चालू कनेक्शनं तुटतात, नवी थेट जातात. सध्या एवढ्यावर भागतंय.